ञ

हाशम पेंटरची शिरोरेघ उजवीकडं जाताना चढायची,
देगलूर रोडवर गाडी नकळत चढाला लागते तशी.
"पढनेवाले को लगना, बोर्ड अब्बी बोल्या," म्हणायचे.
त्यांच्या मनगटात उर्दू आधी आली, मराठी मागून,
म्हणून त्यांचा 'ल' जरा मागं रेलून बसायचा,
चहा पिऊन झालेल्या माणसासारखा.

वर्षभर मी उदगिरात त्यांची अक्षरं गोळा केली.
मोंढ्यातल्या आडतीचं शटर अर्धं वर असताना 'डा',
बंद टॉकीजच्या भिंतीवरनं 'क्ष',
गिरणीच्या दारावरचा 'पि', त्यावर पीठ बसलेलं,
पुसलं तर आतला लाल अजून ओला वाटावा असा.
ब्रश कोरडा पडत आला की अक्षराच्या शेपटाला
केस केस सुटतात,
ते मी माऊसनं एकेक ठिपका ठेवून काढले.
त्यांना लागायचा अर्धा श्वास.
मला एका 'र'च्या पायाला दोन रात्री.

अवघड ते नव्हतंच.
हातानं लिहिलेल्या अक्षराला ठाऊक असतं
शेजारी कोण येणार,
'म' पुढच्या 'ळ'साठी कोपर आवरून घेतो.
फॉन्टातल्या अक्षरानं मात्र
कुणाच्याही शेजारी बसायची तयारी ठेवायची,
लाल डब्यातल्यासारखी.
म्हणून मी रेघेचा चढ मोडला.
सपाट केली.
त्यांना सांगितलं नाही.

आता तो सगळीकडं आहे.
ढाब्याला शोभतो, रसवंतीला, कबड्डीच्या सामन्यांना,
ट्रॉलीच्या मागच्या फळीला तर फारच.
नळाला चार दिवस पाणी नाही, ही सूचना
त्यात लावू नका, मी सांगते,
लोकांना जत्रा वाटते.
औषधाच्या बाटलीवर नको.
बारीक केला तर नुसत्या मुंग्या.

एकदा चौकात, वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली
हाशमचाचा मान वर करून उभे.
"ये 'दादा' के दोनों दा जुडवा कैसे हुए?"
मी काय सांगणार.
घरी येऊन दुसरा 'दा' काढला,
मग तिसरा.

नाव नको म्हणाले होते,
पेंटर का नाम कोपरे में रैता, छोटा.
मी ते एका न लागणाऱ्या कळीखाली ठेवलं,
तिरपं, बारीक: हाशम, उदगीर.
परवा मुखेडहून फोन,
"मॅडम, सरपंचाच्या नावामधीच
हे हाशम कोण येऊन बसलंय?"
कसं खोडायचं ते सांगितलं.
पण छापून झालं होतं.
पंधरा दिवस हलत होतं बसस्टँडसमोर.

एकच अक्षर सापडलं नव्हतं. 'ञ'.
चाळीस वर्षांत कुणी लिहायलाच सांगितला नाही,
ना कुणाच्या आडनावात, ना खताच्या दुकानावर.
मी त्यांच्या घरी गेले तेव्हा हात कापायला लागला होता.
रंग नको, सून रागावती.
लोट्यात जुना सहा नंबर बुडवला
आणि शहाबादी फरशीवर
एका दमात पाण्यानं ओढला.
मे महिना.
मी मोबाईल काढेपर्यंत शेपूट वाळलं,
मग पोट,
मग वरची रेघ, डावीकडून उजवीकडं.
"देख्या ना?" म्हणाले,
आणि ब्रश झटकून खिळ्याला अडकवला.

मी तो आठवून काढलाय.
अख्ख्या फॉन्टात तेवढाच माझ्या हातचा,
आणि कुणी दाबत नाही ती कळ.
त्याच्या शेजारी कुणी येणार नाही
म्हणून त्याची रेघ
मी चढती ठेवलीय.